सोमवारचं ताट

आज सोमवार. संध्याकाळी मी मांडणीवरून माझं ताट काढलं आणि ह्यांचं तिथंच राहू दिलं. हे तरुण असताना देशात धान्याची टंचाई होती. तेव्हाच्या पंतप्रधानांनी रेडिओवरून सांगितलं, की सोमवारी रात्री जेवू नका. ह्यांनी ऐकलं. पुढे टंचाई संपली, ते पंतप्रधानही गेले, पण ह्यांचा सोमवार काही सुटला नाही.

त्यानंतर कितीतरी पंतप्रधान झाले. कुणाच्या नावाचे रस्ते आहेत, कुणाचे पुतळे. पुतळ्यांवर कावळे बसतात, असल्या मानाचा हेवा कोण करणार? मला हेवा वाटतो तो ह्या न काढलेल्या ताटाचा. चहात साखर घेऊ नका, हे मी रोज सांगते. हे मान डोलावतात, आणि माझी पाठ वळली की चमचा साखरेच्या डब्यात.

आज न राहवून विचारलंच, "कधी भेट नाही, ओळख नाही, त्या माणसाचं जन्मभर ऐकलंत. मी गेल्यावर माझं काय पाळाल?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि खरोखरच विचार केला. मग म्हणाले, "तू इतकं सांगतेस, त्यातलं कुठलं पाळू?"

राग आला, पण म्हणणं खरं होतं. त्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती.

आमटी-भात वाढून घेतला. आपण एकच मागायचं तर काय मागावं, याचा विचार करतच जेवले. ताट धुऊन ह्यांच्या ताटाशेजारी लावलं, तरी ठरत नव्हतं.