पाण्यापर्यंत पोचणारा भोंगा

शेवटची भेट दवाखान्यात झाली. दुपारी मी दादाच्या उशाशी बसले होते. तो डोळे मिटून पडला होता आणि अचानक त्याने बोट वर केलं. "भोंगा वाजून राहिला वं," तो म्हणाला. मी कान दिला. खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती. दादाला गेली काही वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं, माझा आवाजही नाही. पण त्याने बोट खाली घेतलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आता थांबला." दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

माझा थोरला भाऊ मधुकर इंजिनियर होता आणि कामठी रोडवरच्या त्याच्या वर्कशॉपमध्ये भोंगे बनत. विजेवर फिरणारे, जुन्या पद्धतीचे, कारखान्यांवर आणि खाणींवर लागतात ते. लग्नसमारंभात कोणी विचारलं की तो जेवणाच्या ताटावर दोन वाट्या एकात एक ठेवून समजावायचा. आतली वाटी म्हणजे रोटर, ती फिरते. बाहेरची स्टेटर, ती हलत नाही. दोघींना खिडक्या असतात. आतली वाटी हवा बाहेर फेकते. खिडक्या समोरासमोर आल्या की हवा सुटते, आड आल्या की कोंडते. हवेचे असे तुकडे पडत जातात आणि त्यांचाच आवाज होतो. "अन् दोन वाट्यांच्या मधात फट राहिली," तो म्हणे, "का हवा तिथूनच पळते. मंग भोंगा फिरते, ओरडत नाही." वहिनी हसून त्याचं ताट पुढे सरकवायची.

भिवापूरच्या पलीकडे एक लहान धरण आहे. पाणी सोडण्याआधी तिथे भोंगा वाजवतात. एका पावसाळ्यात खालच्या गावातली वत्सला नावाची बाई नदीवर धुणं धूत असताना वाहून गेली. चौकीदार शपथेवर सांगत होता की त्याने भोंगा वाजवला. नदीवरच्या बाया सांगत होत्या की काहीच वाजलं नाही. गावात दोन तट पडले. त्यानंतर दादाला बोलावणं आलं. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते, म्हणून सोबत गेले.

त्याने भोंगा खोलला. गंजलेला रोटर कोणीतरी लेथवर घासून पुन्हा बसवला होता. रोटर आणि स्टेटरच्या मध्ये माझं बोट सहज जात होतं. "दोघंही खरं बोलून राहिले," दादा म्हणाला. "यानं वाजवला. त्याइले ऐकू आला नाही." वत्सलाची सून सुमन तिथेच उभी होती. तिने विचारलं, "मंग तो आवाज गेला कुठं?" दादाने त्या फटीवर बोट ठेवलं.

नवा रोटर त्याने ॲल्युमिनियमचा ओतून घेतला. फट पोस्टकार्डाच्या जाडीइतकी ठेवली. त्याहून कमी केली तर तापल्यावर घासला असता. खिडक्या कमी केल्या, म्हणजे आवाज खालच्या पट्टीत उतरतो आणि लांब जातो. आड आल्यावर त्या पुरत्या बंद व्हाव्यात म्हणून मधल्या भिंती किंचित रुंद ठेवल्या. वहिनी म्हणायची, तो झोपेतही बोटं फिरवतो.

चाचणीच्या दिवशी आम्ही धुण्याच्या दगडांवर उभे होतो. हात वर करून चौकीदाराला इशारा द्यायला दादाने वाटेत एक माणूस उभा केला होता. आवाज आला… खोल, जाड, नदीभर पसरणारा. बाया उभ्या राहिल्या. बगळे उडाले. सुमन तोंडावर पदर धरून रडत होती. दादा मात्र धरणाकडे बघत होता. "काहून सुरू नाही केला त्यानं?" त्याने मला विचारलं.

इतकी वर्षं तो आमच्या ओठांवरून बोलणं वाचत होता, हे मला त्या क्षणी कळलं. मी नुसतं वर उडालेल्या बगळ्यांकडे बोट दाखवलं. त्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा सुमनकडे पाहिलं. मग काठावर पडलेल्या रिकाम्या तेलाच्या पिप्यावर तळहात टेकवला; पत्रा थरथरत होता. तो तसाच बसून राहिला. "पोचला," तो म्हणाला.

परवा मी त्या गावाला जाऊन आले. दादा गेल्याचं सुमनला समक्ष सांगायचं होतं. ती नदीवरच भेटली. मी सांगत असतानाच धरणाच्या बाजूने एक हलका, खोल हुंकार सुरू झाला. भोंग्यासारखा, पण दबलेला. सुमनने चौकीदाराला फोन लावला. तो म्हणाला, सकाळपासून लाईन गेली आहे, मी कशालाही हात लावला नाही, वारा सुटला की रोटर आपोआप फिरतो. पाणी स्थिर होतं. तरी सगळ्या बाया ओले कपडे गोळा करून चढण चढू लागल्या.

"वारा हाय ना तो? मंग उठता काहून?" मी विचारलं.

"तुमच्या भाऊंनी बसवला हाय," सुमन म्हणाली. "तो वाजला का आमी उठतो. कोण वाजवून राहिलं, ते नाही पाहत."

मी खालीच उभी होते. हुंकार थांबत नव्हता. सुमन वर पोचली, वळली आणि मी चढून येईपर्यंत तिथून हलली नाही.