श्लोकाचा चौथा चरण

श्रीगजाननाला, वाग्देवी शारदेला आणि वेरूळच्या घृष्णेश्वराला साष्टांग प्रणाम करून हे लेखन आरंभितो. निमित्त असे की, विद्यापीठाच्या वसतिगृहात ज्या बंधुमंडळाच्या स्थापनेत मी होतो, त्याची स्मरणिका निघत आहे. आरंभीच्या वर्षांचा इतिहास मी लिहावा, अशी इच्छा मंडळाच्या तरुण चिटणिसांनी औरंगपुऱ्यातील माझ्या घरी येऊन व्यक्त केली. जाताना दारात चपला घालता घालता ते म्हणाले, “सर, दीक्षेचा श्लोक मूळ कोणत्या ग्रंथातला आहे, तेवढं नक्की लिहा. कुणी म्हणतं उपनिषदातला, कुणी म्हणतं पुराणातला. एकदा निकाल लागू द्या.”

मी मंद हसलो आणि “लिहितो” म्हणालो. श्लोक माझाच होता. लेखाच्या शेवटी हे हळूच उघड करावे आणि वाचणाऱ्यांनी चकित व्हावे, असा एक म्हाताऱ्या माणसाला न शोभणारा मोह तेव्हा मनात होता. पुढच्याच रविवारी त्या हसण्याची मला भीती वाटू लागली.

पण आधी इतिहास सांगतो.

कन्नड तालुक्यातील एका खेड्यातून, पाठशाळेतले शिक्षण आटोपून, मी एम.ए.साठी या शहरात आलो. डोक्यावर शेंडी, अंगात सदरा आणि बोलण्यात नको तितकी संस्कृत. मेसच्या रांगेत शहरातली मुले विचारीत, “शास्त्रीबुवा, पंचांग बघून सांगा, आज बटाटा आहे का वांगं?” मी खरोखर विचार करून उत्तर देई, आणि मग ती अधिकच हसत. खेड्यातून आलेले आम्ही सगळेच असे एकेकटे होतो. खोलीचे दार लावले की आत काय चालले आहे, हे कुणालाही कळत नसे.

त्या पावसाळ्यात कोपऱ्यातल्या खोलीतला एक विद्यार्थी मुदतीच्या तापाने तीन दिवस अंथरुणात पडून होता. तो गावी गेला असावा, असे प्रत्येकाने गृहीत धरले होते. झाडणाऱ्या बाईंना आतून कण्हण्याचा आवाज आला म्हणून तो वाचला. त्याला खाटेवरून उचलताना त्याच्या ओठांवर बसलेल्या माशा मी पाहिल्या. त्यानंतर कित्येक दिवस, माझेही दार असेच बंद राहील या भयाने, मी कडी न लावता झोपत असे.

मंडळ त्या भयातून जन्माला आले. आम्ही सात जण होतो. नियम एकच ठरला. सकाळी स्नानाला जाण्यापूर्वी शेजारच्या दारावर थाप मारायची, “उठलास का?” असे विचारायचे, आणि आतून “उठलो” असे उत्तर आल्याखेरीज पाऊल पुढे टाकायचे नाही. एस.टी.च्या चालकाच्या हाती घरून जे डबे येत, ते सात जणांत वाटून खायचे, हे आपोआपच सुरू झाले.

मग कुणाच्या तरी मनात आले की नव्या सभासदाला दीक्षा असावी. विधी मी सुचवला, कारण असली कामे माझ्याकडेच येत. उजव्या तळहातावर विड्याचे पान ठेवायचे, पानावर कापराची वडी पेटवायची आणि ती जळत असताना श्लोक म्हणायचा. श्लोक संपेतो कापूर संपत येई आणि पानाखालच्या हाताला फक्त ऊब लागे. आमच्यातला एक तर म्हणाला होता, “हिवाळ्यात रोज दीक्षा ठेवा राव.”

श्लोकाचे तीन चरण सहज सुचले. एकाचे दुःख ते सर्वांचे, एकाचे अन्न ते सर्वांचे, रुग्णाच्या उशाशी कुणीतरी बसावे. चौथा काही केल्या येईना. मेसमध्ये ताटावर बसलो होतो, वही उघडी होती, डाळ निवत होती आणि सहा जण घाई करीत होते. लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे, असे चालले होते. शेवटी अनुष्टुभाची आठ अक्षरे भरतील असे जे हाती आले, ते मी लिहून टाकले: “न वाच्यं कस्यचित् क्वचित्”. कुणालाही, कुठेही सांगू नये.

काय सांगू नये, याचा मी विचारच केला नव्हता. सांगू नये असे आमच्यापाशी काहीही नव्हते. पण मित्रांना तोच चरण सर्वांत आवडला. “वा शास्त्रीबुवा! गुपिताशिवाय मंडळाला मजा नाही.” श्लोकाखाली नाव घालायचे नाही, असा आग्रह मी धरला. निनावी राहण्यात मला थोरपणा वाटत होता.

दुसऱ्या वर्षापर्यंत मंडळ मोठे झाले होते. नव्याने आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणाले, “पानावर काय, कुणीही धरील!” आणि दीक्षेतून पान गेले. मला ते कळले होते. माझी परीक्षा जवळ आली होती. मी काही बोललो नाही.

करमाडकडच्या एका गावचा विद्यार्थी त्या वर्षी मंडळात आला. जोडाक्षरे त्याच्या जिभेवर बसत नसत. व्हरांड्यात समोर बसवून मी त्याच्याकडून श्लोक घोटून घेतला होता. दीक्षेनंतर दोन दिवसांनी तो मेसच्या रांगेत डाव्या हाताने ताट धरून उभा दिसला. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता.

“काय झालं रे हाताला?” मी विचारले.

त्याने आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाला, “न वाच्यं कस्यचित् क्वचित्, दादा.”

एकही अक्षर घसरले नाही. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास,” म्हणालो, आणि ताट घेऊन पुढे गेलो.

पंधरवड्याने त्याचे वडील आले. तळहात चिघळला होता, बोटे आखडून मुठीत वळली होती आणि परीक्षेचा पेपर लिहिणे अशक्य झाले होते. ट्रंक डोक्यावर घेता घेता ते मला म्हणाले, “लई विचारलं बघा. पण पोरगं तोंडच उघडंना.” त्या पंधरा दिवसांत रोज सकाळी शेजाऱ्याने त्याच्या दारावर थाप मारली होती, आणि रोज आतून “उठलो” असे उत्तर आले होते. नियम एकदाही मोडला नव्हता. तो परत आला नाही. जालना रस्त्याने जाताना करमाडची पाटी आली की अजूनही मी खिडकीतून तोंड फिरवतो.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. त्याच सुमारास मुलींच्या वसतिगृहात भगिनीमंडळ निघाले आणि त्यांनी आमच्याकडे विधी मागितला. मी वळणदार अक्षरात चारही चरण लिहून दिले. खाली विधी लिहिला: तळहाती कर्पूर प्रज्वलित करून श्लोक म्हणावा. पानाचा उल्लेख केला नाही. पोथ्यांतही असेच असते; जे सर्वांना ठाऊक, ते कुणी लिहीत नाही. सर्वांना ते ठाऊक नाही, हे त्या वेळी मला पुरते ठाऊक होते, आणि तरीही माझा हात जुन्याच सवयीने चालला.

आता गेल्या महिन्यातला तो रविवार.

माझी नात विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. आईवडील कन्नडला, ती मुलींच्या वसतिगृहात राहते आणि रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येते. त्या दिवशी तिने भात डाव्या हाताने, चमच्याने खाल्ला. उजवा हात ओढणीत होता.

“अगं, डाव्या हातानं जेवतेस?” आमच्या हिने विचारले.

“मेंदी काढलीय आजी, बिघडेल.”

“मग दाखव की. आम्हालाही कळू दे कशी काढलीस.”

“वाळू दे गं. तुला काय, लगेच नावं ठेवशील.”

ती हसली, पण तिच्या कपाळावर घाम होता. माझा घास तोंडातच राहिला. मेसची रांग आणि तो रुमाल डोळ्यांपुढे आला. मी मनाला समजावले की मुली मेंदी काढतातच. जेवण झाल्यावर, सकाळी राहिलेली आरती आता करतो असे सांगून मी देवघरात गेलो. खरे तर मला पाहायचे होते. ती नेहमीप्रमाणे मागे येऊन उभी राहिली. मी निरांजनाशेजारी कापराची वडी ठेवली आणि काडी ओढली. कापराचा वास येताच ती दोन पावले मागे सरली आणि तिची पाठ भिंतीला लागली.

मी काडी विझवली आणि तिच्याकडे वळलो.

“बाळ, मूठ उघड,” मी म्हणालो.

“नाही आजोबा.”

“ताप आहे तुला. उघड.”

“सांगता येत नाही. शपथ आहे.” तिचा चेहरा पांढरा पडला होता. “सांगितलं तर आपल्या मंडळातल्या बहिणीवर संकट येतं.”

“हे कुणी सांगितलं?”

“सगळ्याच सांगतात. श्लोकच आहे तसा. हजारो वर्षांपूर्वीचा.”

“तो श्लोक मी केला आहे.”

तिने माझ्याकडे दयेने पाहिले. “आजोबा, माझी समजूत घालायला काहीही सांगू नका हं.”

मी कपाटातल्या खालच्या फळीवरून जुनी वही काढली. शोधायला वेळ लागला, आणि त्या वेळात ती चप्पल घालून निघून जाईल या धास्तीने मी दर दोन क्षणांनी मागे वळून पाहत होतो. पान सापडले. त्यावर डाळीचा पिवळा डाग होता. तीन चरण स्वच्छ लिहिलेले होते, चौथ्याच्या जागी पाच-सहा ओळी खोडलेल्या होत्या आणि सर्वांत खाली, घाईच्या अक्षरात, तो चरण होता. ती वाकून वाचू लागली. खोडलेली एकेक ओळ तिने बोटाखाली धरून वाचली.

“या खोडलेल्या का?”

“अक्षरे कमी-जास्त होत होती. जेवण निवत होते.”

“म्हणजे हे… जागा भरायला?”

“हो.”

“आणि ते संकट?”

“ते कुणी नंतर जोडले असेल. मी जोडले नाही. पण त्याला जागा मीच करून दिली.”

मग करमाडकडच्या त्या मुलाची हकीगत मी तिला सांगितली, पाठीवर मारलेल्या थापेसह. इतक्या वर्षांत ती मी हिलाही सांगितली नव्हती. दारात उभी राहून ही ऐकत होती.

नातीने हळूहळू मूठ उघडली. तळहाताच्या मध्यभागी रुपयाएवढी जखम होती. कडा लाल आणि आत पू. हिने तोंडावर पदर धरला. मुलगी मात्र त्या हाताकडे पाहतच नव्हती.

“आजोबा, माझी बरी आहे. माझ्या खोलीतल्या मुलीची फार वाईट आहे. ती कालपासून उठलीच नाही. कुणी विचारलं तर बरी आहे म्हणते.”

रिक्षा मिळेपर्यंतचा तो काळ मला नीट सांगता येणार नाही. भर उन्हात औरंगपुऱ्याच्या गर्दीत मी हात वर करून उभा होतो. रिक्षावाला म्हणाला, “आरामसे बैठो चाचा, गिर जाओगे,” तेव्हा मला कळले की माझ्या पायांत चपला नाहीत. वाटेत ती एवढेच म्हणाली, “सांगितलं मी. आता तिला काही झालं तर?” शपथेचे भय अजून तिच्या मनातून गेले नव्हते. खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्याही मनातून गेले नव्हते. जो चरण केवळ जागा भरायला लिहिला, त्यालाच मी भीत होतो. ओठांवर नामस्मरण होते आणि डोळ्यांपुढे कोपऱ्यातली ती खोली.

मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकातून मला आत जाता येईना. नात धावत गेली. फाटकावरच्या मावशी म्हणाल्या, “रोज इचारते की मी त्या पोरीला. बरी हाय म्हणती.” मी गजांना धरून उभा राहिलो. आतून कुणाची तरी थाप ऐकू आली. मग पुन्हा, जोराने. उत्तर ऐकू आले नाही. मावशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आत पळाल्या.

त्या मुलीला दोघींनी धरून बाहेर आणले, तेव्हा ती चालत होती, एवढेच मी पाहिले. डॉक्टरांनी सांगितले की सूज मनगटाच्या वर चढली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर हात राहिला असता की नाही, हे सांगता आले नसते. ती सध्या आमच्याच घरी आहे. आमची नातही आहे. तिची जखम भरली. रोज सकाळी ही त्या मुलीच्या हाती कणकेचा गोळा देते आणि ती तो दाबते. चार बोटे सरळ होतात, करंगळी होत नाही. डॉक्टर म्हणतात, होईल. मी रोज त्या करंगळीकडे पाहतो आणि विचारायला भितो.

चिटणिसांना हा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी कागद हाती घेऊन पुन्हा एकदा चाळला. मग म्हणाले, “सर, हे सगळं छापायचं?”

“छापायचे नसेल तर कागद परत द्या. मी स्वतः विद्यापीठात जाऊन एकेका खोलीच्या दारावर थाप मारून वाचून दाखवीन.”

त्यांनी कागद परत दिला नाही. आधी दोन्ही मंडळांच्या सभेत हाच वाचतो, म्हणाले.

तेव्हा या श्लोकाचा कर्ता म्हणून मी येथे माझा चौथा चरण मागे घेत आहे. तो कोणत्याही ग्रंथात नाही. त्याने कुणीही बांधलेले नाही आणि मोडल्याने कुणावरही संकट येत नाही. त्या जागी दुसरा चरण देण्याची विनंती झाली. मी नम्रपणे नकार दिला. श्लोक तीन चरणांचाच राहू द्यावा. म्हणताना तो अपुरा वाटेल, जीभ अडखळेल. अडखळू द्यावी. आणि करमाडकडच्या त्या बंधूच्या हाती हा अंक कधी पडला, तर त्याने मला सारे सांगावे. या वेळी मी ताट घेऊन पुढे जाणार नाही.

हे वाचणाऱ्या तुमचे आणि तुमच्या घरातील सर्वांचे घृष्णेश्वर रक्षण करो. तुमच्या लेकरांचे तळहात उघडे आणि निरोगी राहोत. दुखले तर सांगण्याचे धैर्य त्यांना लाभो, आणि “बरा आहे” या उत्तरावर न थांबता दार उघडून आत पाहणारे माणूस तुमच्या घरी सदैव असो. शुभं भवतु.