उकंडरावांच्या नावाची जात

चिखलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सायरा मॅडमना समुद्र दिसला तो पीएच.डी.च्या काळात, रत्नागिरीला, जेमतेम पाच-सहा वेळा. तिथल्या खडकांतून वेचलेले तांदळाएवढे प्राणी मात्र तेव्हापासून त्यांच्या कपाटात बाटल्यांतून होते. चौदा पायांचे, हात लागला की गोळी होऊन बसणारे आयसोपॉड. तास संपले की त्या एकेकाचे पाय सुईने सोडवायच्या आणि सूक्ष्मदर्शकात बघून चित्रं काढायच्या. नऊ वर्षं हेच चाललं होतं. मान कायमची आखडली होती.

काही प्राण्यांची शेपटी गुळगुळीत होती, काहींच्या शेपटीवर दोन शिंगं. गुळगुळीत जात जुन्या ग्रंथात होती, शिंगवाली कुठेच सापडेना. नवी जात म्हणून त्यांनी एका शोधपत्रिकेला लेख पाठवला आणि तो स्वीकारला गेला. जातीला नाव दिलं उकंडरावांचं. उकंडराव प्रयोगशाळेतले शिपाई. बाटल्यांतलं अल्कोहोल त्यांनी कधी आटू दिलं नव्हतं. आपल्या नावाची जात निघाल्याची बातमी त्यांनी गावभर सांगितली होती.

लेख छापायला जायच्या आठवड्यात एक चित्र पुन्हा तपासावं म्हणून मॅडमनी बघायची राहिलेली एक बाटली उघडली. तीत कात टाकता टाकता मेलेला एक नर निघाला. अर्धवट सुटलेली कात शेपटीला लोंबत होती. कात गुळगुळीत होती आणि तिच्याखाली दोन कोवळी शिंगं दुमडलेली होती.

मॅडमनी जुना ग्रंथ पुन्हा काढला. त्यात वर्णन होतं ते फक्त माद्यांचं आणि पिल्लांचं. म्हणजे जात एकच. वयात आलेल्या नराला शिंगं फुटत होती, एवढंच. हा प्राणी दुसऱ्या कुणी पाहिला नव्हता. बाटली परत कपाटात ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं. हे त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि आलं म्हणून त्यांना आणखीच थकल्यासारखं झालं.

उकंडराव दारं लावायला आले. त्यांना स्टुलावर बसवून मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून तो प्राणी दाखवला, सगळं समजावलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजे मह्या नावाचा नाही राह्यला तो?"

"नाही, भाऊ. चूक माझी आहे."

"आता गावात काय सांगू मी?" त्यांनी चष्मा पुसला. "पण जे दिसून राह्यलं ते त लिहाच लागंन, मॅडम."

मॅडमनी लेख मागे घेतल्याचं पत्र त्याच संध्याकाळी पाठवलं. पुढच्या वर्षी त्या जातीच्या नराचं वर्णन छापून आलं, अडीच पानांचं. आभारात उकंडरावांचं नाव होतं. तोवर ते निवृत्त झाले होते. छापील प्रत मॅडमनी त्यांच्या गावी पोस्टाने पाठवली आणि एकेचाळीस बाटल्यांवरच्या, त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलायला घेतल्या.