अँड्रूलाचं कपाळ

फोन वाजला की नीला इंगवले देवाचं नाव घ्यायची. पार्सिपनीतल्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघराच्या भिंतीला एक पिवळा फोन टांगलेला होता, आणि नीला त्याच्याकडं पालीकडं बघावं तशी बघायची. गडहिंग्लजहून फोन आला म्हणजे कुणीतरी गेलं, एवढं तिला अमेरिकेत आल्यापासून पाठ झालेलं. सासरे गेले ते फोनवर, थोरली चुलती गेली ती फोनवर. बारसं, साखरपुडा, शेताला पाणी आलं, असलं सगळं पत्रानं यायचं, सावकाश.

तिचा नवरा श्रीराम इंजिनिअर. तो हसायचा. "अगं, राँग नंबर असंल. यंत्राला काय भितीस?"

"यंत्राला न्हाई हो," नीला म्हणायची. "पलीकडनं बोलणाऱ्याला."

तिच्या भिण्याला कारण होतं. एकाहत्तरच्या लढाईत तिच्या आक्काचा नवरा पश्चिमेच्या सरहद्दीवर गेला आणि तिकडून तार आली, बेपत्ता म्हणून. मेला न्हाई, जखमी न्हाई, बेपत्ता. आक्काच्या सासरी त्या शब्दाचं काय करायचं ते कुणाला सुधरेना. वाट बघितली, देवऋषी झाला, मग भावकी बसली आणि भावकीनं काय ते ठरवलं. एका सकाळी बायकांनी आक्काला घरामागच्या परड्यात नेलं, बांगड्या फोडल्या, ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. आक्का एकच विचारत होती, "मेलेला कुणी बघितलाय? सांगा की, कुणी बघितलाय?" नीलाचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. ती दाराआड उभी होती. शेतात राबून आक्काचं तोंड रापलेलं, आणि कुंकवाखालची तेवढीच जागा कोवळी, पांढरट, रुपयाएवढी. ते पांढरं वर्तुळ नीलाच्या डोळ्यांसमोरून कधी हललं नाही.

असली ही भित्री बाई इथं येऊन कामाला मात्र वाघीण. मोठ्या रस्त्याला लागून दुकानांची एक ओळ होती, पिझ्झावाला, लाँड्री, आणि त्यांच्या मध्ये कपडे दुरुस्तीचं दुकान. साहेबलोकांच्या पँटच्या पायांच्या मोऱ्या आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, कोटांची अस्तरं लावायची. मालक किरियाकोस, सायप्रस बेटावरचा ग्रीक. नीलाच्या शेजारच्या मशीनवर त्याची बहीण अँड्रूला. दोघी बायांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून दोघींचं जमलं. एकीला शब्द सापडला नाही तर दुसरीलाही सापडायचा नाही, मग हातवारे करून, हसून भागायचं. डब्यातली भाकरी अँड्रूलाला आवडायची. ती जैतुणाची फळं, खारवलेली ऑलिव्हं, आणायची, नीला ती खाऊन तोंड वाकडं करायची आणि परत एक मागायची.

अँड्रूला कधी काळं घालायची नाही. हिरवा स्वेटर, पिवळा रुमाल, असंच काहीतरी. काळा कपडा शिवायला आला तर उचलून नीलाच्या टेबलावर ठेवायची. नीलाला वाटलं, असंल काहीतरी देवाचं. विचारलं नाही.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात एका सकाळी ते कळलं. दुकानात रेडिओ चालू होता. बातम्यांत सायप्रसचं नाव आलं आणि अँड्रूलाची मशीन थांबली. बेटाच्या उत्तरेकडच्या तुर्कांनी आपलं वेगळं राज्य झाल्याचं जाहीर केलं होतं. किरियाकोसनं रेडिओवर हात आपटला, बडबडत मागच्या खोलीत गेला. अँड्रूला रेडिओकडं बघत बसली.

"काय झालं गं?" नीलानं विचारलं.

अँड्रूलानं टेबलावरचा अस्तराचा एक तुकडा ओढला. "हे आमचं बेट," ती म्हणाली. "आम्ही ग्रीक, ते तुर्क, एकाच कापडात. शेजारच्या तुर्क एमिनेची आई माझे झगे शिवायची. आमचं भांडण नव्हतं असं नाही म्हणत मी. आमच्या पोरांनी त्यांची घरं जाळलेली, मी लहान होते तेव्हा. मी तेव्हा काही विचारलं नाही." तिनं कापडाच्या एका टोकाला टाचणी मारली. "इथं इंग्रज. जाताना दोन तुकडे स्वतःला ठेवून गेला, लष्कराला." मग कात्री उचलली. "चौऱ्याहत्तरात ग्रीसच्या लष्करी अधिकाऱ्यांनी आमचं सरकार उलथलं, त्यांनी पहिलं टोक कापलं. पाच दिवसांनी तुर्कस्तानची फौज उतरली, तिनं उरलेलं फाडलं." कापड टरकन दोन झालं. "इंग्रज टोक धरून बसला. आणि तुझी ही अमेरिका लांब उभी राहून माप घेत होती."

"माझी कुठली गं," नीला म्हणाली. "मी आपली मोऱ्या शिवती."

अँड्रूला सांगतच राहिली. त्याच वर्षी ऑगस्टात तुर्कांची फौज तिच्या गावाकडं, फामागुस्ताकडं निघाली तसं सगळं गाव पळालं. तिचा नवरा स्तेलिओस मोटारीतून उतरला, म्हातारा बाप घरात राहिला होता, त्याला घेऊन येतो म्हणाला. तो आलाच नाही. बापही नाही. पकडलेली माणसं पुढं जहाजानं तुर्कस्तानला नेली, त्यांतली बरीच परत आली. उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड अँड्रूलानं बघितलं होतं.

"सासू म्हणते, आमच्या विधवा घालतात तसं काळं घाल. पाद्री म्हणतो, काळं घाल. किरियाकोस म्हणतो, इथल्या कुणाशी लग्न कर. मी घालत नाही. घातलं की मेला तो, मी मारला." तिनं दोन्ही तुकडे मुठीत गोळा केले. "आणि आता तिथं राज्य झालं म्हणे. राज्य झालं की कुंपण पक्कं होणार. मग कुंपणापलीकडं शोधणार कोण?"

नीलाला आक्काचा आवाज ऐकू आला. कुणी बघितलाय?

श्रीरामच्या चुलत घरातला एक वडील भाऊ होता, चारुदत्त. फौजेतला रिटायर्ड मेजर, हिवाळ्यात इथं अमेरिकेत लेकीकडं ॲन आर्बरला यायचा. सायप्रसच्या लढाईच्या वेळी तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या फौजेच्या कचेरीत तिथंच होता, त्या फौजेचा मुख्यही तेव्हा आपलाच भारतीय जनरल. नीलानं धीर करून त्याला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःहून त्या पिवळ्या पालीला हात घातला.

"भावजी, एका माणसाचं नाव विचारायचं होतं."

चारूदादानं ऐकून घेतलं. "वहिनी, तिथं अजून दोन-चार जण ओळखीचे आहेत. विचारतो. पण आशा लावू नका हं त्या बाईंना."

दुसऱ्या दिवशी नीलानं अँड्रूलाला सांगितलं. अँड्रूला किती तरी वेळ सुईत दोरा ओवत राहिली, दोरा जाईना.

"चांगलं असलं तर ओरडून सांग," ती शेवटी म्हणाली. "वाईट असलं तर तोंडानं सांगू नकोस. मी तुझ्याकडं बघून ओळखीन."

त्या दिवसापासून नीलाचं तोंड नीलाचं राहिलं नाही. दुकानात पाय टाकला की अँड्रूलाची नजर तिच्यावर. नीलाला दाढ दुखली तरी लपवायला लागायची, कपाळाला आठी पडली तर अँड्रूलाचा रंग उडायचा. रुपाली, नीलाची लेक, तापानं फणफणली त्या दिवशी नीला कामावर तोंड हसरं ठेवून बसली. गाल दुखले तिचे.

संक्रांतीच्या नंतरच्या रविवारी नीलाच्या घरी हळदीकुंकू होतं. पार्सिपनी आणि आसपासच्या मराठी बायका, तिळाच्या वड्या, लुटायला प्लॅस्टिकचे डबे. पुरुषांना फुटबॉलची मॅच बघायला एका घरी पिटाळलेलं, श्रीराम तेवढा कॉफी करायला राहिलेला. नीलानं अँड्रूलालाही बोलावलं होतं. एकटी बाई, बाहेर बर्फ, चार माणसांत बसेल. ती आली, लाल झगा घालून, हातात घरी केलेला बदामी केक. सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसली.

डॉक्टर जोगांच्या मृणालिनीकाकू सगळ्यांत वडील, पुण्याच्या. त्यांनी चष्म्यातून बघितलं. "नीला, ह्या कोण म्हणायच्या?"

"माझ्या दुकानातल्या, काकू. अँड्रूला."

"छान. आणि ह्यांचे मिस्टर काय करतात?"

नीलाच्या हातात करंडा होता. ती एकेकीला हळद, मग कुंकू लावत सोफ्याकडं सरकत होती. "ते... लढाईत हरवले, काकू. नऊ-दहा वर्षं झाली."

"अगं बाई." काकूंनी आवाज उतरवला. त्या काही वाईट बाई नव्हत्या. "मग तू बघ हो काय ते. उगीच त्यांना वाईट नको वाटायला."

तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. श्रीरामनं उचलला, आणि त्याचा मोकळा आवाज बाहेर आला, "हां, बोल चारूदादा!"

चारू हे नाव अँड्रूलाला माहीत होतं. नीला तिच्यासमोरच उभी. बोटाला कुंकू लागलेलं, बोट अर्ध्या वाटेवर. समोर अँड्रूलाचं कपाळ, उघडं, मोठं, गोरं, आणि नीलाला त्या कपाळात परडं दिसलं, ओलं फडकं दिसलं. लावावं तर पलीकडं फोनवर आत्ता काय निघतंय कोण जाणे. आज लावायचं आणि उद्या पुसायचं? पुन्हा? तिचं बोट आपसूक बाजूला गेलं आणि शेजारी बसलेल्या पद्मिनीच्या कपाळाला टेकलं.

अँड्रूलानं ते बोट जाताना बघितलं. तिनं खोलीभर नजर फिरवली. सगळ्यांच्या कपाळावर लाल. तिनं वड्यांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या रुपालीचा फ्रॉक धरला. "हे लाल काय आहे?"

रुपाली इथंच जन्मलेली, विचारलं की सांगणारी. "ओह, दॅट्स फॉर लेडीज हूज हजबंड्स आर अलाइव्ह," ती म्हणाली.

अँड्रूला उठली. केकची बशी तिच्या मांडीवरून गालिच्यावर पडली. कोट न घेता, दार सताड उघडं टाकून ती बाहेर गेली.

"अगं, ह्यांना झालं काय?" पद्मिनी म्हणाली.

नीला स्वयंपाकघरात धावली, श्रीरामच्या हातातून फोन ओढला. "भावजी, काय कळलं? लवकर सांगा."

"काहीच नाही हो वहिनी," चारूदादा म्हणाला. "कैद्यांत नाव नाही, सापडलेल्या प्रेतांत नाही. दवाखान्यात नाही. कुणालाच काही माहीत नाही. एक माणूस अजून विचारतोय, काही लागलं हाताला तर कळवीन. दिवसा घरी नसता तुम्ही, दुकानाचा नंबर देऊन ठेवा."

नीलानं नंबर सांगितला, फोन तसाच लोंबता टाकला आणि चपलांनिशी बर्फात उतरली. हातात करंडा तसाच. पार्किंगच्या कडेला, बर्फाचा ढीग लोटून ठेवला होता तिथं अँड्रूला उभी होती. आधाराला कुणाच्या तरी मोटारीचा टप धरलेला. रडत नव्हती. दात वाजत होते.

"कुठं सापडला?" ती म्हणाली. "एवढंच सांग. पुरला होता का?"

"न्हाई सापडला! अगं, काहीच न्हाई कळलं. भावजी म्हणाले, कुणालाच माहीत न्हाई."

"खोटं बोलतेस. तू मला वगळलंस."

"आईशप्पत." नीलाला इंग्रजी आठवेना, मराठीच येत राहिलं, मग हातवारे, मग परत मोडकं इंग्रजी. "मी भ्याले. फोन आला न् मी भ्याले, एवढंच. मला काय बी माहीत नव्हतं तेव्हा."

"कशाला भ्यालीस? नवरा माझा आहे."

मग नीलानं आक्काचं सांगितलं. अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा, बर्फात उभं राहून, करंडा छातीशी धरून. तार, भावकी, परडं, फडकं. पांढरं वर्तुळ तिनं स्वतःच्या कपाळावर बोटानं काढून दाखवलं. अँड्रूला ऐकत होती. तिचा हात टपावरून खाली आला.

"तुझ्या बहिणीचा नवरा मेलेला कुणी बघितला?"

"न्हाई."

"मग पुसलं कुणी? शत्रूनं?"

"आमच्याच माणसांनी," नीला म्हणाली.

अँड्रूलानं मान हलवली, तिला हे ठाऊक असल्यासारखी. खिडकीच्या काचेला बायका नाक लावून उभ्या होत्या, मृणालिनीकाकू पुढं. अँड्रूलानं कपाळावर आलेले केस मागं सारले आणि कपाळ पुढं केलं. "लाव."

"अँड्रूला, उद्या जर का—"

"उद्याचं मला सांगू नकोस. आज काही कळलं नाही ना? मग आजचं लाव."

नीलाची बोटं थंडीनं आखडलेली. कुंकू लागलं ते तिरकं, थोडं भुवईवर सांडलं. अँड्रूलानं बोट लावून बघितलं, बोट हुंगलं, आणि मग कुठं तिला रडू आलं. मृणालिनीकाकू अंगावर शाल घेऊन, पाय जपत बाहेर आल्या, ती शाल अँड्रूलाच्या खांद्यावर टाकली. "आत चला दोघी," त्या म्हणाल्या. "न्यूमोनिया कराल. आणि ओटी राहिलीय ह्यांची."

सोमवारी नीला दुकानात गेली तर अँड्रूला आधीच येऊन बसलेली. कपाळ धुतलेलं, कोरडं. "लाव," ती म्हणाली.

नीलाला वाटलं होतं, एका दिवसाचं होतं ते. पण मंगळवारीही अँड्रूला तशीच बसलेली, नंतरही रोज. नीलानं एक छोटी डबी बॉबिनच्या खणात ठेवून दिली. किरियाकोस कपाळावर हात मारायचा, बहिणीला वेड लागलं म्हणायचा. अँड्रूला ऐकायची नाही. नीलानं बोट टेकवलं की ती मशीनला पाय लावायची. नीलाला मात्र दिवसातला तो एक क्षण नको व्हायचा. परड्यात दहा बाया होत्या, त्या पापाचे दहा वाटे झाले. इथं बोट एकटीचं. ज्या दिवशी ते थांबेल त्या दिवशी बातमी तीच असेल, आणि ती नीलाच्याच हातानं पोचेल.

आता तिला दोन फोनांची भीती होती. दुकानातला फोन काळा होता, गल्ल्याशेजारी. तो वाजला की दोन्ही मशीनी एकदम थांबायच्या. दोघींपैकी कुणी एकमेकीकडं बघायची नाही. सुया कापडात रुतलेल्या, पाय हवेत. फेब्रुवारीतल्या एका सकाळी, नुकतं कुंकू लावून झालेलं, नीलाचं बोट अजून लाल, आणि तो वाजला. किरियाकोस मागच्या खोलीत इस्त्री करत होता, त्याला यायला वेळ लागला. फोन वाजत राहिला. नीलानं बोट पदर समजून स्कर्टला पुसायला नेलं आणि तसंच मुठीत मिटलं.

किरियाकोसनं उचलला. ऐकलं. मान वर करून दोघींकडं बघितलं.

"कोट झाला का विचारतायत," तो म्हणाला. "राखाडी. मोठ्या बटणांचा."

"दुपारी म्हणावं," अँड्रूला म्हणाली.

तिची मशीन सुरू झाली. नीलाची व्हायला थोडा वेळ लागला.