चाळीस माणसांचा अर्ज

न्यू जर्सीतल्या आमच्या आयसेलिन गावात माझी ख्याती अशी, की मी दुधाचा कॅन आणायला गेलो तरी परत येताना वाटेत वाघ भेटलेला असतो. ही म्हणते, "तुमच्या गोष्टीतला मसाला काढला तर नुसतं पातेलं उरेल." म्हणूनच असेल, पण मिठाईच्या दुकानामागे पोळ्या लाटणारी ती मुलगी आश्रयाचा अर्ज घेऊन माझ्याकडेच आली. जातीबाहेर लग्न केलं म्हणून तिचे दोन भाऊ कोयते घेऊन सासरच्या दारात उभे राहिले होते. ती आणि नवरा मागच्या दाराने जे पळाले, ते न्यू जर्सीला येऊनच थांबले.

"काका, एवढं इंग्रजीत लिहून द्या."

दिलं. पण लिहिताना मला दोन भाऊ फारच थोडे वाटले. समोर अख्खं अमेरिकन सरकार, आणि आपली माणसं दोन? मी चाळीस केली. हातात मशाली दिल्या. मशाली आहेतच तर म्हणून गोठाही पेटवला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, नवऱ्याला अडखळत यायचं, पण कागद त्याच्यापर्यंत गेलाच नाही. काकांनी लिहिलंय म्हणून तिने सही ठोकली. वाचून दाखवायचं माझ्याकडून राहिलं.

सुनावणीत तिला विचारलं, किती माणसं आली होती? ती म्हणाली, दोन. कागद म्हणाला, चाळीस. आणि गोठा? "आमच्याकडे गोठाच नव्हता." जजबाईंनी अर्ज फेटाळला.

कॉरिडॉरमध्ये ती रडली नाही. म्हणाली, "काका, दोनच होते हो. पण त्या दोघांना मी रोज जेवायला वाढत होते. चाळीस परके आले असते तर एवढी भ्याले नसते."



पुढे भावांनी तिच्या सासऱ्यांचा हात मोडला आणि तिच्या फोनवर आवाजी निरोप पाठवला: आता तुझी पाळी. नव्या वकीलबाईंनी केस पुन्हा उघडण्याचा अर्ज केला. सरकारी वकील उसळला. "पहिलं खोटं टिकलं नाही म्हणून दुसरं आणलंय. हा कोर्टाच्या प्रक्रियेचा दुरुपयोग आहे." बिचारा चुकीचं बोलत नव्हता, माझ्यासारख्यांनी पेटवलेले किती गोठे त्याच्या टेबलावर आले असतील! पण तिने जाणूनबुजून खोटा अर्ज केला असं ठरलं असतं, तर तिच्यासाठी हा दरवाजा कायमचा बंद होता. म्हणून मी साक्षीला उभा राहिलो.

हिने शर्टाला इस्त्री करताना बजावलं, "एका प्रश्नाला एक वाक्य. दुसरं निघालं तर जेवून या बाहेरच."

"चाळीस माणसं कोणी लिहिली?" सरकारी वकिलाने विचारलं.

"मी."

"तिने सांगितली होती?"

"नाही."

"मग का लिहिलीत?"

घशाशी भलंमोठं व्याख्यान आलं होतं, त्यात एक हत्तीसुद्धा होता. गिळलं. "दोन पुरणार नाहीत असं वाटलं."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिता. मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"माझ्यावर नकाच ठेवू. ती पहिल्याच सुनावणीत दोन म्हणाली होती. तुमच्याच रेकॉर्डिंगवर आहे."

तीन वाक्यं झाली. मागे बसलेल्या हिने मोजली.

जजबाई कागद चाळत राहिल्या. तेवढ्या वेळात हिमयुग येऊन गेलं. मग म्हणाल्या, पुन्हा पुन्हा दार ठोठावण्याला मर्यादा आहे. पण या बाईंनी स्वतःच्या तोंडाने आकडा कधी बदललेला नाही, आणि धमकी नवी आहे. केस पुन्हा उघडली. मला त्यांनी जे सुनावलं ते इथे देत नाही. अतिशयोक्ती त्यात अजिबात नव्हती.

नवं निवेदन तिच्याच स्वयंपाकघरात झालं. वकीलबाई लिहीत होत्या आणि नवरा एकेक ओळ तिला मराठीत वाचून दाखवत होता. मी मदतीला खुर्ची पुढे ओढली, तर तिने माझ्यासमोर मटारची टोपली ठेवली.

"काका, तुम्ही सोला."

नवऱ्याने वाचलं, "दारात भाऊ उभे होते." माझा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"दोन, काका."

"दोन," मी म्हणालो आणि शेंग फोडली.