दिवेलागणीचं दार

अवसरी बुद्रुकच्या मळ्यात लंकाबाईचं घर. त्या घराच्या दाराला संध्याकाळी कडी म्हणून कधी लागली नाही. दिवेलागणीला लक्ष्मी येते, दार सताड उघडं पाहिजे, हा तिच्या नवऱ्याचा, गेणभाऊंचा, हुकूम. नवी नवरी असताना थंडीनं कुडकुडून तिनं एकदा दार लोटलं, तर हा बाबा रागानं जेवलाच नाही. असा हट्टी माणूस! हात मात्र कधी उगारला नाही, हेही खरं.

गेल्या उन्हाळ्यात नेमके त्याच वेळेला चोर आले. बांधावर अनोळखी माणसं घुटमळताना बघून लंकाबाई दार लावायला उठलीच होती. "बस खाली, दिवा लागलाय," गेणभाऊ म्हणाले. मग काय! चोर उंबरा ओलांडून सरळ आत. तिच्या गळ्यातलं डोरलं ओरबाडलं, आणि आडव्या आलेल्या गेणभाऊंच्या डोक्यात गज घातला. माणूस जगला, पण उजवी बाजू गेली नि वाचा बसली.

गावाला एवढंच कळलं की दार उघडं होतं. म्हातारीनं उघडं टाकलं, झालं! लंकाबाई गप्प. ज्याला तोंड उघडता येत नाही, त्याच्यावर दोष कसा ढकलायचा? पण पुण्याहून मुलगा, ऋषी, आला की बापाचा हुकूम ठाऊक असूनही तोही तिलाच बोल लावायचा, चोर दिसल्यावर तरी उठायचं होतंस म्हणायचा, आणि ते तिच्या जिव्हारी लागायचं.

परवा ऋषी नवं कुलूप घेऊन आला. आतून चावी फिरवली की जाड पोलादी दांडा चौकटीत शिरणारं. सोपान सुतारानं चौकट ठोकून बघितली.

"भाऊ, कुलूप लई भारी हाय, पण चौकट वाळवीनं खाल्लीय. एका लाथंत दांड्यासकट निघंल."

त्यानं कुजकी बाजू कापून नवं सागवान बसवलं, दांडा शिरतो त्या भोकावर लोखंडी पट्टी ठेवली आणि लांबलचक स्क्रू पार भिंतीत उतरवले.

ऋषीनं दार हलवून पाहिलं, वडलांच्या खाटेकडं नजर टाकली. "आई, आता तरी अंधार पडायच्या आत लाव. तवाच लावलं असतंस, तर दादा आज हिंडत-फिरत असते."

"व्हय बाबा," लंकाबाई म्हणाली.

तेवढ्यात खाटेवरून घरघर ऐकू आली. गेणभाऊ डावा हात छातीवर आपटत होते.

"मी... मीच नगं म्हनलो." मग तो हात दाराकडं वळला, तिथून बायकोकडं. "ती... उठली व्हती."

ऋषी बापाच्या खाटेशी जाऊन बसला. सोपान हत्यारं गोळा करून निघून गेला. लंकाबाईला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण तिला हुंदका फुटला. इतक्या महिन्यांनी वाचा फुटली, ती या एवढ्यासाठी! म्हणजे लोक तिला बोलत होते ते सगळं हा माणूस पडल्या पडल्या ऐकत होता.

ऊन उतरलं. तिनं देवापुढं दिवा लावला आणि दाराशी गेली. चावी फिरवली. दांडा खटकन चौकटीत बसला. मागं वळून बघते तर गेणभाऊंच्या डोळ्यांना धारा.

तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"उगी राव्हा. लक्ष्मी रागावली, तर माझ्यावर रागावंल. आज दार मी लावलंय, तुमी न्हाई."