ल्युमिरचा हिरवा दिवा

...तर मेलेल्या माणसाने ल्युमिरला हरवलं, इथपर्यंत काल आलो होतो. तुम्ही हसत उठून गेलात म्हणून पुढचं राहिलं. बँकवाला ह्यूबर्ट मे महिन्यातल्या पहिल्या फेरीत पुढे आला, सप्टेंबरात गेला, आणि तोवर मतपत्रिका छापून झाल्या होत्या. नोव्हेंबरात आमचा ल्युमिर व्होपाट, धडधाकट गडी, जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा, दफनभूमीत निजलेल्या माणसाकडून पडला. बाजारात कुणीतरी विचारलं, "काय रे, कुठे कमी पडलास?" ल्युमिर म्हणाला, "प्रचारात. मी घरोघर जाऊन बोलत होतो, आणि तो गप्प होता."

त्याच्याआधीही तो एकदा पडला होता, पण ती गोष्ट साधी आहे, मतं कमी मिळाली. तिसऱ्यांदा मात्र निवडून आला. समोर जिवंत माणूस होता, त्याचा फायदा झाला.

मी त्याला एका खोलीच्या शाळेपासून ओळखतो. एक बाई, एक शेगडी आणि सगळ्या इयत्ता एकमेकींच्या मांडीवर. गणिताच्या तासाला ल्युमिर खिडकीतून दिसणाऱ्या गाईंच्या किमती सांगायचा. असा माणूस सिनेटर झाल्यावर आमच्या लिप्निक गावाला अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली.

आता आमच्या नेब्रास्कात राज्याच्या सिनेटरच्या नावापुढे मतपत्रिकेवर पक्ष लिहीत नाहीत. त्यामुळे माणूस डावा की उजवा हे शोधायचं काम राजधानीतल्या दोन मंडळांनी अंगावर घेतलंय. एक कर कापायला निघालेल्यांचं, दुसरं शिक्षक-कामगारांचं. वर्षभर सभागृहात कोणी कुठलं बटण दाबलं, हिरवं म्हणजे हो की लाल म्हणजे नाही, ते बघून दोघं शंभरपैकी गुण देतात. ल्युमिरला पहिल्या मंडळाने एकोणपन्नास दिले आणि दुसऱ्याने एकावन्न. दोन्हीकडची माणसं चिडली. त्याची बायको मात्र सगळ्यांना सांगत सुटली की दोघांनी मिळून पूर्ण शंभर दिले, शाळेत ज्याला कधी पन्नास दिसले नाहीत त्याला.

त्याच्या मतांचं गणित कुणालाच सुटेना. बंदुकीचा कायदा आला, तो उजव्यांबरोबर. शिक्षकांचा पगार आला, डाव्यांबरोबर. राज्यपालांच्या लाडक्या करकपातीला लाल, आणि ती हाणून पाडायला निघालेल्यांच्या ठरावालाही लाल. उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ तासभर पुढेमागे करण्याच्या विधेयकावर बोलायला उठला आणि म्हणाला, "माझ्या गाईंना विचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी लाल बटण दाबलं. गाई काय म्हणाल्या ते पत्रकारांनी विचारलं, तर म्हणे, खाजगी बोलणं होतं.

लिप्निकने हे सगळं गोड मानून घेतलं. ल्युमिरने फाशीवर काय मत दिलं, कोळशावर काय दिलं, कुणाला पर्वा नव्हती. आमच्या गावाला डावं-उजवं कळत नाही. आम्हाला फक्त लिप्निक आणि वाल्डहाइम कळतं.

वाल्डहाइम म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या टोकाचं जर्मन गाव. आम्ही चेक, कॅथलिक, आमच्या शाळेचा संघ म्हणजे कोंबडे. ते लुथरन, आणि त्यांचा संघ म्हणजे रानडुकरं. बास्केटबॉलच्या एका सामन्यानंतर त्यांच्या पाद्र्याने आमच्या पाद्र्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं, आणि सामना आम्ही हरलो होतो.

अशात ते विधेयक आलं. ज्या शाळेत पोरं उरली नाहीत तिने शेजारच्या शाळेत मिसळायचं, नाहीतर राज्याचा पैसा बंद. आमच्या शाळेत पोरं कमी होत चालली होती. कशी काय, यावर गावात कोणी बोलत नसे. मिसळायचं म्हणजे वाल्डहाइममध्ये, आणि इमारतही त्यांचीच राहणार, आमच्या वाट्याला पोरं न्यायला एक बस तेवढी.

मतदान आम्ही एर्नीच्या गुत्त्यात टीव्हीवर पाहिलं. भिंतीवरच्या फलकावर प्रत्येक सिनेटरचं नाव असतं आणि नावापुढे दिवा. नावं अक्षरांच्या क्रमाने, म्हणून व्होपाट पार तळाशी. सगळे दिवे लागले, हिरवे-लाल जवळजवळ बरोबरीत, आणि ल्युमिरचा अंधारच. एर्नी म्हणाला, "आता बघा, लाल." दिवा लागला. हिरवा.  एर्नीने उठून टीव्ही बंद केला आणि त्या दिवशी कुणालाच दुसरा ग्लास उधार दिला नाही.

शरदात ल्युमिरची पुन्हा निवडणूक. आमच्याकडे लागोपाठ दोनच मुदती मिळतात, म्हणजे ही शेवटची. त्याला ती फार हवी होती, बढाया मारायला नाही, हाती घेतलेली कामं अर्धी होती म्हणून. आणि लिप्निकच्या मतांवाचून तो येत नाही, हे तोही जाणून होता. समोर उभा कोण, तर वाल्डहाइमचा बियाणेवाला मार्लिन ओटे. त्याने घरोघर कार्डं पाठवली की व्होपाट छुपा डावा आहे. ती कोणी वाचली नाहीत. एर्नीने तर त्या कार्डांनी खिडकीची फट बुजवली. पण कार्डाच्या तळाशी एक ओळ होती, ती सगळ्यांनी वाचली. "निवडून आलो तर शाळांचा कायदा रद्द. तुमचे कोंबडे तुमच्याकडे."

आता काय करावं माणसाने? आपली शाळा वाल्डहाइमपासून वाचवायची तर वाल्डहाइमच्या माणसाला मत द्यायचं.

निवडणुकीच्या वर्षी चर्चच्या तळघरातल्या गावजेवणात उमेदवारांनी कॉफी वाढायची, अशी आमच्याकडची रीत. किटली गरमागरम, आणि ती खाली ठेवायची नाही. ज्याने ठेवली तो घाबरला असं धरतात. मार्लिन पहिल्यांदाच आमच्या तळघरात उतरला होता. किटली एका हातात धरूनच त्याने आमची कोबी खाल्ली आणि पुन्हा मागितली. लुथरन माणूस आमची कोबी दुसऱ्यांदा वाढून घेतोय, हे बघून निम्मं गाव पाघळलं.

ल्युमिर तेता अल्बिनाच्या टेबलाशी आला. ती वयाने गावात सगळ्यात मोठी, म्हणून कुणाचं काही नातं नसलं तरी सगळ्यांची तेता, म्हणजे मावशी. तिने कप पुढे केला.

"ओत. आणि ओतता ओतता सांग, हिरवं का दाबलंस?"

"दूध घालू का, तेता?"

"जन्मात कधी घेतलं नाही. विषय बदलू नकोस. बोट घसरलं का तुझं?"

"बोट जिथे ठेवायचं तिथेच ठेवलं होतं."

"म्हणजे मुद्दाम?"

"कॉफी गार होतेय."

शेजारून एर्नी म्हणाला, "मतं मागायला आलास आणि साधं उत्तर देववत नाही होय रे?"

"मी कॉफी वाढायला आलोय, एर्नी. तू मत दिलंस तर नको म्हणणार नाही."

"सगळ्यांसमोर सांग की. कोणी दिले पैसे? ती शिक्षकांची मंडळी?"

मला वाटलं, आता ल्युमिर बोलणार. त्याने एकदा एर्नीकडे बघितलं, एकदा तेताकडे, मग सगळ्या तळघरावर नजर फिरवली. लिलावात शेवटच्या बोलीआधी बघतो तशीच. तोंड उघडलं, आणि पुढच्या टेबलाला म्हणाला, "कोणाला हवीय अजून?" किटली मात्र हातातच होती.

निकाल लागला तो असा. लिप्निकने भरभरून मतं दिली, मार्लिन ओटेला. आणि वाल्डहाइमने भरभरून मतं दिली, ल्युमिरला. त्यांना आमची पोरं मिळत होती, राज्याचा पैसा मिळत होता, इमारत त्यांचीच राहत होती. हे सगळं रद्द करायला निघालेल्या आपल्याच मार्लिनला त्यांनी येडचाप ठरवलं. वाल्डहाइम आमच्याहून जरा मोठं आहे. ल्युमिर आला.

राजधानीतल्या एका विद्वानाने वर्तमानपत्रात लिहिलं की मतदारसंघ मध्यममार्गाकडे सरकतो आहे. आम्ही ते गुत्त्यात मोठ्याने वाचून घेतलं, दोनदा.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहकारी संस्थेच्या धान्यगोदामात नेहमीची मंडळी कॉफीला जमली होती. मान वर करून कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एवढ्यात ल्युमिर आला, टोपी खुंटीला लावली, स्वतःची कॉफी ओतून घेतली आणि नेहमीच्या खुर्चीत बसला. एर्नीने साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवला. आमच्यात माफी मागायची ती एवढीच.

तेता अल्बिना काठी टेकत त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुझ्या गावाने तुझ्याविरुद्ध मत दिलं, आणि तरी तू इथेच येऊन बसलास. बरं केलंस. आता मोजणी झाली, कोणाचं काही बिघडत नाही. आता तरी सांग, हिरवं का दाबलंस?"

ल्युमिरने कप खाली ठेवला.

"तेता, रोज सकाळी मी बाजाराला निघतो तेव्हा माझ्या पुढे तुझ्या नातवाची गाडी असते, तिच्या पुढे एर्नीच्या लेकीची, तिच्या पुढे आपल्या चर्चची घंटा वाजवणाऱ्याची, सगळ्या गाड्या पोरांनी भरलेल्या, सगळ्या चुपचाप वाल्डहाइमच्या शाळेकडे, आणि एक जण मला पुढे जाऊ देईल तर शपथ. म्हटलं, तुम्हा सगळ्यांना मिळून एक बस द्यावी, निदान रस्ता तरी मोकळा होईल."